चुंगजूचा वेढा : गड राखणारी माणसं



चुंगजू हे दक्षिण कोरियाच्या साधारण मध्यावरचं शहर. इ.स. १२५३च्या हिवाळ्यात तिथल्या डोंगरी गडाला मंगोलांनी सुमारे ७० दिवस वेढा घातला आणि तो गड पडला नाही. इकडे देवगिरीवर तेव्हा यादव राजा कृष्णदेव राज्य करत होता. पुढच्या पाच वर्षांत याच मंगोलांच्या फौजांनी तिकडे पश्चिमेला बगदाद धुळीला मिळवलं. खिलाफतीची राजधानी ज्यांच्यापुढे टिकली नाही, त्यांच्यापुढे कोरियातलं एक जिल्ह्याचं गाव टिकलं.

गड टिकला, एवढंच सांगायचं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. न पडलेले गड जगाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. चुंगजूचा गड कुणी राखला आणि त्या माणसांनी जीव पणाला का लावला, हे मला सांगायचं आहे. माझं मत आधीच मांडून ठेवतो. चुंगजू वाचलं त्याचं खरं कारण तटाच्या दगडांत शोधायला जाऊ नये. ते एका जळालेल्या दप्तरात आहे.

कोरियातले डोंगरी गड आपल्या गडांहून एका बाबतीत फार वेगळे होते. आपल्याकडे गडावर बारमाही शिबंदी असे, सदर असे, गडकऱ्याचा वाडा असे. तिकडचा डोंगरी गड शांततेच्या काळात बहुतेक ओस असायचा. जिल्ह्याचं ठाणं आणि बाजार खाली, नदीकाठच्या सपाटीवर. गड पाठीमागच्या डोंगरावर. परचक्र आलं की कारभारी, शेतकरी, कारागीर, बायकामुलं, गुरंढोरं, धान्याची पोती असा सारा जिल्हा वर चढायचा. चढण्याआधी शेतं मोकळी करायची. पिकलेलं कापून न्यायचं, नेता येणार नाही ते जाळून टाकायचं. शत्रूच्या घोड्याला दाणा आणि स्वाराला भाकर मिळू द्यायची नाही, आणि हिवाळा त्याला परत पाठवेल याची वाट पाहायची. गड म्हणजे सैन्याचा तळ कमी आणि रयतेचा आसरा जास्त. म्हणूनच तिथल्या वेढ्यांच्या हकिकतींत सरदारांइतकीच सामान्य माणसं भेटतात.

कोरियाचा सुमारे ७० टक्के मुलूख डोंगराळ असल्यामुळे ही पद्धत तिथे शतकानुशतकं चालली. तटाची आखणी मुख्यतः दोन तऱ्हांची. एका तऱ्हेत, कपाळाला पट्टी बांधावी तसा शिखराभोवती तट फिरवलेला असे. दुसरीत दोन-तीन सोंडांवरून तट नेऊन मधली अख्खी दरी पोटात घेतलेली असे. दरीत ओढा आणि ओढ्यावर तळी, म्हणजे हजारो माणसांना पुरेल एवढं पाणी. जुकजू नावाच्या गावच्या गडावर उत्खनन झालं तेव्हा सिल्ला या जुन्या राजवटीच्या काळातल्या, उतारावर पायरीपायरीनं बांधलेल्या पाण्याच्या टाक्या सापडल्या. इ.स. ६४५ मध्ये चीनचा थांग सम्राट थायझोंग स्वतः फौज घेऊन गोगुऱ्यो राज्यावर चालून गेला आणि आन्सीच्या गडापुढे अडकून पडला. थंडी सुरू झाली तशी त्याला माघार घ्यावी लागली. तेराव्या शतकातल्या कोरियन माणसाच्या मनात ही आठवण पक्की होती.

त्या शतकात तिथे गोऱ्यो नावाचं राज्य होतं. ज्याच्या नावावरून जग या देशाला कोरिया म्हणू लागलं ते हे राज्य. राजधानी गेग्योंग, म्हणजे आजचं केसोंग. राजा गोजोंग १२१३ साली गादीवर बसला होता, पण सत्ता त्याच्या हाती नव्हती. ११७० मध्ये लष्करी सरदारांनी दरबार ताब्यात घेतला होता आणि ११९६ पासून चोए घराणं पिढीजात कारभार पाहत होतं. आपल्याकडे छत्रपती आणि पेशवे यांची व्यवस्था ठाऊक असल्यामुळे हे चित्र आपल्याला समजायला अवघड नाही. एक मोठा फरक मात्र आहे. चोए कारभाऱ्यांना सगळ्यात जास्त भीती बाहेरच्या शत्रूपेक्षा आपली पकड सुटण्याची होती. पुढचं बरंच काही त्यातून घडलं.

मंगोलांशी पहिली गाठ १२१८-१९ मध्ये पडली, तीही मित्र म्हणून. दोघांनी मिळून खितान टोळ्यांचा मोड केला. त्यानंतर मंगोलांच्या खंडणीच्या मागण्या वाढत गेल्या. १२२५ साली त्यांचा एक वकील परतीच्या वाटेवर यालू नदीजवळ मारला गेला आणि १२३१ मध्ये सारताक नावाचा सेनापती फौज घेऊन यालू ओलांडून आला.

त्या पहिल्याच स्वारीत वायव्येला कुजूचा वेढा झाला. त्याच्यावर थोडं थांबतो, कारण वेढ्याची लढाई म्हणजे नेमकं काय ते तिथे कळतं. गडाचा मुख्य होता पाक सो. किम ग्योंग-सोन नावाचा दुसरा एक सरदार १२ शिलेदारांनिशी दक्षिण दरवाज्यातून बाहेर पडला. त्याच्या दंडात बाण घुसला, रक्त वाहत होतं, तरी त्याचा नगारा थांबला नाही. मंगोलांनी गवत आणि लाकूड भरलेले गाडे तटाकडे ढकलले. आतून वितळलेलं लोखंड ओतून ते पेटवून दिले गेले. मग बैलाच्या कातड्यानं मढवलेल्या मांडवाखाली माणसं दडवून त्यांनी तटाच्या पायाला सुरुंग खणायला घेतला. पाक सोनं तटाला भोकं पाडून तिथूनही लोखंडाचा रस सोडला. जमीन खचली आणि ३०हून अधिक मंगोल तिच्याखाली चिरडले गेले. शेवटी मंगोलांनी माणसांच्या चरबीत भिजवलेली लाकडं पेटवून तटाला लावली. पाणी टाकलं की ती आग आणखी भडके. तेव्हा पाक सोनं चिखल कालवून तो आगीवर फेकायला लावला, आणि आग विझली. मंगोलांच्या फौजेत सत्तरीचा एक म्हातारा सेनानी होता. त्यानं तटाखाली फिरून सगळं पाहिलं आणि कबूल केलं, की आयुष्यभर शहरांचे वेढे पाहिले, पण इतका मार खाऊनही शरण न आलेलं ठाणं पाहिलं नाही. मंगोलांनी कुजू जिंकलं नाहीच. दरबारानं तह केला आणि पाक सोला दरवाजे उघडण्याचा हुकूम पाठवला. हुकूम आला म्हणून दरवाजे उघडले.

या सगळ्या हकिकती 'गोऱ्योसा' या बखरवजा राजेतिहासात आहेत. पुढच्या जोसन राजवटीच्या विद्वान अधिकाऱ्यांनी तो १४५१ मध्ये पुरा केला. तो लिहिणारी माणसं दरबारी होती, उच्च कुळातली होती. खालच्या माणसांविषयी त्यांना विशेष प्रेम नव्हतं. म्हणूनच त्यांनी चुंगजूविषयी जे लिहून ठेवलं त्याचं मोल मला फार वाटतं.

आता चुंगजूकडे वळू. हे गाव कुठे आहे ते पाहिलं की त्याचं नशीब कळतं. दक्षिणेकडच्या सुपीक मुलखातून सोबेक डोंगररांग ओलांडून वर येणाऱ्या घाटवाटा इथे उतरतात. त्यांतली एक, हानुलजेची खिंड, इ.स. १५६ मध्ये सिल्ला राज्यानं खुली केल्याची नोंद आहे. खिंडीतून उतरलेला माल इथे नामहान नदीच्या होड्यांत चढे आणि पाण्यावरून पश्चिमेला जाई. भोवतालच्या डोंगरांत लोखंड. ज्याच्या हाती चुंगजू त्याच्या हाती दक्षिणेचा दरवाजा.

१२३१ मध्ये मंगोल येताहेत अशी बातमी चुंगजूला पोहोचली, तेव्हा तिथल्या दोन मुख्य अधिकाऱ्यांत आधीपासून वाद होता. वरिष्ठ उ जोंग-जू, दुय्यम यू होंग-इक. भांडण कशावरून, तर हिशेबाच्या कागदपत्रांवरून. गावाचं रक्षण कसं करायचं यावरही त्यांचं एकमत होईना. शेवटी दोन पथकं झाली. उ जोंग-जूकडे उच्च कुळातल्या लोकांचं पथक, यू होंग-इककडे दासांचं आणि हलक्यासलक्या लोकांचं. मंगोल आले. दोन्ही अधिकारी आणि सगळे कुलीन लोक गाव सोडून पळाले. मागे राहिले ते दास आणि मजूर. त्यांनीच एकजुटीनं लढून मंगोलांना हुसकावून लावलं.

धोका टळल्यावर साहेब लोक परत आले. आल्या आल्या त्यांनी सरकारी कचेरीतली आणि घराघरांतली चांदीची भांडी मोजायला घेतली. भांडी कमी भरली. दास म्हणाले, मंगोलांनी नेली. ते कुणी खरं मानलं नाही. गावातल्या पाच-सहा वजनदार मंडळींनी दासांच्या म्होरक्यांना गुपचूप मारायचा बेत केला. बेत फुटला. ज्यांनी गाव राखलं त्यांना कळलं, की पळून गेलेले लोक आता आपल्यालाच चोर ठरवून जिवे मारणार आहेत. १२३२च्या आरंभी, अंत्ययात्रेला जमल्याचं निमित्त करून त्यांनी शंख फुंकला, माणसं गोळा केली आणि कटवाल्यांची घरं पेटवली. ज्यांच्याविषयी जुना राग होता त्यांना शोधून शोधून मारलं. त्यात बायकामुलंही बळी पडली, असं इतिहासकार लिहितो. हे मी झाकून ठेवणार नाही. पिढ्यान्पिढ्या दाबलेला संताप बाहेर पडतो तेव्हा तो न्यायाच्या रेषा पाळत नाही. दरबारानं आधी समजूत घातली, जी ग्वांग-सू नावाच्या म्होरक्याला लष्करात एक छोटी जागाही दिली. पण वैर मिटलं नव्हतं. बंड पुन्हा उफाळलं आणि त्याच वर्षी सैन्य पाठवून ते चिरडण्यात आलं.

त्याच १२३२च्या उन्हाळ्यात कारभारी चोए ऊनं राजाला आणि दरबाराला उचलून गांग्ह्वा बेटावर नेलं. बेट आणि मुख्य भूमी यांच्यात अरुंद खाडी आहे, पण तिचा प्रवाह जोरकस, आणि मंगोलांना आरमार चालवता येत नव्हतं. दरबार ३८ वर्षं तिथे राहिला. रयतेला हुकूम गेला, की डोंगरी गडांवर किंवा समुद्रातल्या बेटांवर जा. पुढे पुढे जे जाईनात त्यांची घरं आणि धान्य सरकारी माणसांनीच जाळली. तिकडे बेटावर मात्र किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेचा सारा नियमित येत राहिला. मेजवान्या होत राहिल्या, बागा लागत राहिल्या. आजच्या कोरियात या काळाचं वर्णन राष्ट्रीय प्रतिकाराचं पर्व म्हणून केलं जातं. प्रतिकार झाला हे खरंच, आणि तो शौर्याचा होता. पण तो करणारे गांग्ह्वाच्या तटामागे नव्हते. चोए घराण्यानं स्वतःची सत्ता वाचवली आणि किंमत रयतेनं मोजली, हे माझं स्पष्ट मत आहे.

१२३२च्या शेवटी सारताक पुन्हा आला. आजच्या योंगिनजवळ चोइन नावाचं एक छोटं मातीचं ठाणं आहे. त्याचा घेर अर्धा किलोमीटरही नाही. आसपासची वस्ती समाजात हलकी मानलेल्या लोकांची. तिथे आसरा घेतलेल्यांत किम युन-हू नावाचा एक बौद्ध भिक्षू होता. त्या चकमकीत सारताक बाणानं ठार झाला आणि सेनापती गेल्यामुळे मंगोल फौज परत फिरली. बाण किम युन-हूचा, असं सगळे म्हणाले. राजानं त्याला सर्वांत वरची लष्करी पदवी देऊ केली. त्यानं ती घेतली नाही. लढाईच्या वेळी आपल्याजवळ धनुष्यबाण नव्हतेच, असं सांगून त्यानं श्रेय इतरांकडे दिलं आणि बऱ्याच खालच्या हुद्द्यावर समाधान मानलं. चोइनच्या वस्तीचा दर्जा सरकारनं वाढवून दिला. या माणसाचं नाव लक्षात ठेवा.

१२३६ मध्ये जुकजूच्या गडावर जे झालं त्याला कुजूचा धागा आहे. जुकजू हे पाक सोचं मूळ गाव, आणि आता तिथला गडकरी होता सोंग मुन-जू. कुजूच्या वेढ्यात तो पाक सोच्या हाताखाली लढला होता. मंगोल आज कोणतं यंत्र आणतील, कुठून येतील हे तो सकाळीच सांगे आणि तशी तयारी करून ठेवी. त्याचं सांगणं खरं ठरे. लोक म्हणू लागले, याला दैवी दृष्टी आहे. त्याची दृष्टी अनुभवाची होती. कुजूला त्यानं सगळं पाहिलं होतं. १५ दिवसांनी मंगोलांनी आपलीच यंत्रं जाळली आणि ते निघून गेले. त्या गडावर आजही सोंग मुन-जूचं स्मारक-देऊळ आहे.

मधली वर्षं मी भराभर ओलांडतो. त्यांत विध्वंस फार झाला. देगूजवळच्या बुइन्सा मठातले त्रिपिटकाचे जुने लाकडी ठसे १२३२ मध्येच जळाले होते. १२३८ मध्ये ग्योंगजूच्या ह्वांगन्योंग मठाचा नऊमजली स्तूप जळून खाक झाला. ठसे पुन्हा कोरायला घेतले. १२५१ मध्ये काम पुरं झालं. ते ८१,०००हून अधिक ठसे आज हेइन्सा मठात आहेत.

१२५१ मध्ये मोंगके खान गादीवर आला. १२५३ मध्ये येकू नावाच्या राजपुत्राच्या हाताखाली मोठी फौज आली. तिच्यासोबत फितूरही होते. यी ह्योन नावाच्या गोऱ्योच्या एका अधिकाऱ्यानं येकूला सल्ला दिला होता, की राजधानी बेटावर आहे आणि सारा येतो तो जिल्ह्यांतून; सुगीच्या आधी जिल्ह्यांत घुसा, बेट आपोआप गुदमरेल. वेढ्याची सगळी लढाई शेवटी धान्याची असते, हे त्यानं ओळखलं होतं.

चुंगजूच्या आधी जे दोन गड पडले त्यांची हकिकत ऐकल्याशिवाय चुंगजू कळणार नाही.

पहिला दोंगजू, आजच्या चोरवॉन भागातला. दरबारानं पाठवलेला गडकरी बेक दोन-म्योंग यानं लोकांना गडावर कोंडलं आणि बाहेर जायची बंदी केली. शेतात भात उभं होतं. एका स्थानिक कारकुनानं विनवलं, की शत्रू अजून आलेला नाही, आळीपाळीनं लोकांना खाली सोडा, भात कापून आणू द्या. बेकनं त्या कारकुनाचं डोकं उडवलं. लोक इतके चिडले की बेकलाच मारावं असं त्यांना वाटू लागलं. मंगोल तटाखाली आले तेव्हा बेकनं निवडक ६०० जणांना बाहेर लढायला पाठवलं. ते लढलेच नाहीत, पळून गेले. दरवाजा फुटला. बेक मारला गेला, त्याच्याबरोबर आणखी अधिकारीही, आणि बायकामुलांना मंगोलांनी धरून नेलं. दोंगजूचा तट काही कच्चा नव्हता. माणसांचं मन गडकऱ्यानं आधीच तोडून टाकलं होतं.

दुसरा चुनजू, आजच्या चुनचोनचा. तिथले लोक फुटले नाहीत. मंगोलांनी भोवती दुहेरी कुंपण घातलं आणि कुंपणापुढे खोल खंदक खणला. आतल्या विहिरी आटल्या. लोकांनी गुराघोड्यांचं रक्त पिऊन तहान भागवली. जो ह्यो-रिप नावाच्या अधिकाऱ्यानं, आता वाचत नाही हे ओळखून, बायकोसह आगीत उडी घेतली. पाक चोन-गी यानं उरलेल्या शूरांना घेऊन कुंपण फोडलं, पण खंदक ओलांडता आला नाही, आणि सगळे तिथेच पडले. मग कत्तल झाली. चुनजूच्या लोकांत हिंमत होती, एकजूट होती. पाणी नव्हतं.

तिथून येकू चुंगजूकडे वळला. चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात वेढा बसला. कोणत्या डोंगरावर, याबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. शहराजवळ नामसान डोंगरावर एक दगडी गड आहे, घेर एक किलोमीटरहून थोडा जास्त. दक्षिणेला दालचोन नदीच्या काठी देरिम डोंगरावर दुसरा आहे, घेर सुमारे पाच किलोमीटर, दरी पोटात घेतलेला. माझा कौल देरिमला आहे. ७० दिवस सारा जिल्हा सामावायचा, गुरं ठेवायची, पाणी पुरवायचं, तर त्याला एवढी जागा लागणारच.

गडकरी होता किम युन-हू, चोइनचा तो भिक्षू, आता सैन्यात अधिकारी. त्याच्यासमोर जे लोक होते त्यांच्यात १२३१ पाहिलेली माणसं असणार, त्यांची मुलंही असणार. गाव राखलं आणि बदल्यात चोर ठरलो, बंड केलं आणि चिरडलो गेलो, हे त्या गावात २१ वर्षांत कुणी विसरलेलं नसेल. अशा लोकांना अधिकाऱ्यानं 'लढा' म्हटलं तर त्यांनी विश्वास का ठेवावा?

वेढ्यात येकू आजारी पडला. इथे फार दिवस राहिलात तर परत जाणं कठीण आहे, असं ज्योतिष्यानं सांगितल्यावर तो १,००० स्वार घेऊन उत्तरेला निघून गेला. पण वेढा उठला नाही. दुसरे सरदार तो चालवत राहिले. थंडी वाढली, धान्य संपत आलं. अशा वेळी किम युन-हूनं शिबंदीला आणि लोकांना एकत्र बोलावलं. जो जिवाची पर्वा न करता लढेल त्याला हुद्दा मिळेल, मग तो उच्च कुळातला असो की हलक्या, असं वचन त्यानं दिलं. मग सरकारी दासांच्या नोंदवह्या आणवल्या आणि सगळ्यांसमोर जाळल्या. शत्रूकडून पकडलेली गुरं आणि घोडी त्यांना वाटून टाकली. त्यानंतर सगळे मरणाला तयार होऊन लढले, असं 'गोऱ्योसा' सांगतो. बाराव्या महिन्यात मंगोलांनी वेढा उठवला, आणि दक्षिणेकडे जायची त्यांची वाट त्या वर्षी बंद झाली.

श्रोतेहो, नोंदवही जाळणं म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. गोऱ्योत दास्य वंशपरंपरेनं चाले. आई किंवा बाप दास असेल तर मूल दास. एखादा माणूस दास आहे याचा पुरावा म्हणजे ती वही. तिच्यात नाव असलं की तो विकता येई, देता येई, वारशात वाटता येई. ती वही गेली की त्याला दास म्हणून धरून नेण्याचा आधारच गेला.

५५ वर्षांपूर्वी, ११९८ मध्ये, राजधानीत मानजोक नावाच्या दासानं डोंगरावर लाकडं तोडणाऱ्या इतर दासांना जमवून हाच बेत केला होता. मालकांना मारायचं आणि दासांच्या वह्या जाळायच्या. हा मानजोक खुद्द चोए घराण्याचा दास होता. एका दासानं मालकाला बातमी फोडली आणि १००हून अधिक जणांना नदीत बुडवून मारण्यात आलं. म्हणजे जे स्वप्न पाहिलं म्हणून दासांना बुडवलं, तेच काम १२५३ मध्ये राज्याच्या एका अधिकाऱ्यानं भर गडावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलं. त्यासाठी दरबाराची परवानगी घ्यायला वेढ्यात वाटच नव्हती. किम युन-हूनं गरजेपोटी हे केलं असं कुणी म्हणेल. गरज होतीच. पण दोंगजूच्या बेकलाही गरज होती, आणि त्यानं कारकुनाचं डोकं उडवलं. गरज सगळ्या गडकऱ्यांवर आली. तिला हे उत्तर एकालाच सुचलं, आणि मला वाटतं, चोइनच्या हलक्या मानलेल्या लोकांबरोबर एका मातीच्या ठाण्यात राहून लढलेला माणूस होता म्हणूनच सुचलं.

वचन पाळलं गेलं. किम युन-हूला मोठी लष्करी पदवी मिळाली. पराक्रम केलेल्या इतरांना, अगदी सरकारी दासांपर्यंत, योग्यतेनुसार हुद्दे मिळाले. पुढच्या वर्षी चुंगजूचा दर्जा वाढवून त्याला उपराजधानीचा मान दिला गेला.

आणि त्याच वर्षी, १२५४ मध्ये, जलायरताय नावाचा सेनापती आला. त्यानंही चुंगजूच्या गडावर हल्ला केला आणि त्यालाही तो सोडून पुढे जावं लागलं. चुंगजूच्याच हद्दीत दाइन नावाची लोखंड गाळणाऱ्यांची वस्ती होती, तीही हलकी मानलेली. त्या लोहारांनीही मंगोलांना अडवलं आणि त्यांच्या वस्तीचा दर्जा वाढला. सांगजूच्या गडावर होंगजी नावाच्या भिक्षूनं शत्रूचा एक सरदार बाणानं पाडला. पण त्या एका वर्षात मंगोलांनी धरून नेलेल्या माणसांची संख्या २,०६,८००हून अधिक होती आणि मेलेल्यांची मोजदादच झाली नाही, असं तोच इतिहास नोंदवतो. चुंगजूसारखे गड टिकले म्हणून देश वाचला, असं म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. गड टिकले तिथली माणसं वाचली. बाकीचा मुलूख उजाड झाला.

या संघर्षाचा शेवट राजधानीतच झाला. १२५८ मध्ये चोए घराण्याच्या शेवटच्या कारभाऱ्याचा खून झाला. १२५९ मध्ये युवराज मंगोलांकडे गेला, कुबलायला भेटला आणि तह झाला. १२७० मध्ये दरबार गांग्ह्वा सोडून गेग्योंगला परतला. किम युन-हूला १२५८ मध्ये ईशान्येच्या सीमेवर नेमलं होतं, पण तो मुलूखच मंगोलांच्या ताब्यात गेल्यामुळे त्याला तिथे जाता आलं नाही. मोठी पदं भोगून तो निवृत्त झाला.

दास्य मात्र संपलं नाही. गोऱ्यो गेलं, जोसन आलं, वह्या पुन्हा लिहिल्या गेल्या. चुंगजूच्या त्या ७० दिवसांमुळे देशाची समाजरचना बदलली असं मी म्हणणार नाही. बदलली नाही. पण जे एकदा एका गडावर होऊ शकलं ते पुढेही होऊ शकलं असतं, आणि ते न होऊ देणाऱ्यांची नावं इतिहासाला माहीत आहेत.

गडांचा अभ्यास करणाऱ्या तरुण मित्रांना माझी एक विनंती आहे. तटाची लांबी मोजा, बुरूज मोजा, टाक्यांचं पाणी मोजा, हे सगळं करा. त्याबरोबर त्या गडावर राबणारे कोण होते, लढणारे कोण होते, त्यांच्या नावाच्या नोंदी कशा ठेवल्या होत्या आणि लढाई संपल्यावर त्यांचं काय झालं, हेही शोधा. कोरियात सरकारी दासांच्या वह्या राज्याच्या हुकमानं जाळल्या गेल्या त्या १८०१ साली, राजा सुनजोच्या कारकिर्दीत. त्या वेळी राजवाड्याच्या आणि सरकारी खात्यांच्या ६६,००० हून अधिक दासांना मोकळं करण्यात आलं. दास्याची पद्धत कायद्यानं संपली ती १८९४ मध्ये.